चार महिने वाढतात म्हणजे काय

कोल्हापुरात कॅन्सरच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बाकावर थोडा वेळ बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘‘आमच्या माणसावर प्रयोग करणार व्हय?’’ डॉक्टरांच्या तोंडून ‘ट्रायल’, म्हणजे नव्या औषधाची रुग्णांवरची चाचणी, एवढं निघायचा अवकाश, पुढचा अर्धा तास त्या घरच्या लोकांत हीच चर्चा. मुलगा म्हणतो, विचारून तर बघू. सून गप्प असते. गावाकडून भेटायला आलेले पाहुणे ठणकावून सांगतात, तसलं काय करू नका.

त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं आमच्या घरात पाऊल टाकलं आणि मी मिळेल ते वाचत सुटलो. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आज कोल्हापुरातल्या दवाखान्यात ‘नेहमीची केमो’ म्हणून जी बाटली टांगली जाते, ती कधीतरी कुणाच्या तरी माणसावर पहिल्यांदा टांगली गेली होती. त्याच्याही पाहुण्यांनी नकोच म्हटलं असेल. तरी त्यानं सही केली. आपण औषधाचं नाव पाठ करतो, कंपनीचं नाव पाठ करतो. त्या सही करणाऱ्यांचं ऋण मात्र कुणाच्या गावीही नसतं.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या अंगाला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, आणि हातात गुळव्याची जाण. सुरुवात झाली ती काविळीनं. आमच्याकडे कावीळ म्हटली की दवाखाना शेवटी. काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं, ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही गळ्यात माळ घालून घेतात. ती माळ दिवसागणिक लांबत जाते, आणि माळ उतरली तशी कावीळ उतरली असं मानायचं. तात्यांची माळ लांबत गेली. कावीळ मात्र वाढत गेली. अंगाला खाज सुटायची, इतकी की रात्री उठून ते खरखरीत पंचानं पाठ घासायचे. लघवी मोहरीच्या तेलासारखी, शौच मातकट पांढरं. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. म्हणून सगळे निर्धास्त. खरं तर न दुखता वाढत जाणारी कावीळ ही उतारवयात जास्त काळजीची. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली की तिथून जाणारी पित्ताची नळी दाबली जाते, पित्त आतड्यात उतरत नाही, आणि रक्तात साचतं. वर्षभर आधी तात्यांना अचानक साखर निघाली होती, वजन उतरलं होतं. साखरेमुळे उतरलं असेल, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. स्वादुपिंडच बिघडायला लागलं की साखर अशी अवचित वर येऊ शकते, हे नंतर कळलं.

सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला. यकृतावर डाग होते. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ कापून काढता येण्याजोगी असते. तात्या त्यांत नव्हते.

अशा वेळी डॉक्टर जे सांगतात ते महिन्यांच्या भाषेत असतं, आणि घरच्यांना ते ऐकवत नाही. म्हणून हे महिने कुठून आले ते सांगतो.

१९९७ साली जेमसायटाबिनची चाचणी छापून आली. रुग्ण होते १२६. निम्म्यांना जुनं औषध फाइव्ह-एफयू, निम्म्यांना जेमसायटाबिन. जुन्या औषधावर मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, साधारण ४.४ महिने, नव्यावर ५.६. फरक सव्वा महिन्याचा. पण त्या चाचणीत मुख्यतः आयुष्य मोजायचं नव्हतं, दुखणं मोजायचं होतं. वेदना किती, वेदनाशामक गोळ्या किती लागतात, माणूस उठून किती हिंडतो, वजन किती. जेमसायटाबिनवर २४ टक्के रुग्णांना त्यात खरा आराम पडला, जुन्या औषधावर ५ टक्क्यांनाही नाही. वर्षभरानंतर हयात असलेले १८ टक्के विरुद्ध २ टक्के. मला ही चाचणी फार मोठी वाटते. बरं करू शकत नसलो तरी दुखणं कमी होतं का, हे आकड्यांत उतरवून बघायचं कुणाला तरी सुचलं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं जेमसायटाबिनला काहीतरी जोडून बघण्यात गेली. हे जोड, ते जोड. बहुतेक चाचण्यांत काहीच फरक पडला नाही. एर्लोटिनिब ही गोळी जोडल्यावर पडला, पण किती? ५.९१ महिन्यांचे झाले ६.२४. म्हणजे दहा दिवस. त्यावर औषधाला मंजुरीही मिळाली. दहा दिवसांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पण गोळीचा खर्च आणि अंगावर उठणारं पुरळ धरलं तर तो सौदा मला पटत नाही.

मग २०११ साली फ्रान्समधून फॉल्फिरिनॉक्सचा निकाल आला. फाइव्ह-एफयू, ल्युकोव्होरिन, इरिनोटेकॅन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन, अशी चार औषधं एकत्र. ३४२ रुग्ण. जेमसायटाबिनवर ६.८ महिने, या चौघांवर ११.१. यातलं एकही औषध नवं नव्हतं. सगळी आतड्याच्या कॅन्सरसाठी आधीपासून वापरात होती. कुणा कंपनीला त्यातून नवा माल विकायचा नव्हता, पैसा सरकारी संशोधन निधीतून आणि लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेकडून आला होता. औषधं जबर असल्यामुळे रुग्णांचे हाल होणार हे उघड होतं, आणि पांढऱ्या पेशी कोसळणं, ताप, जुलाब हे सगळं जास्त झालंही. तरी सहा महिन्यांनी ज्यांचं रोजचं जगणं कायमचं ढासळलं होतं असे रुग्ण या गटात ३१ टक्के होते, आणि सौम्य मानलेल्या जेमसायटाबिनच्या गटात ६६ टक्के. औषधापेक्षा आजार जास्त छळतो, हे त्या आकड्यानं मला शिकवलं. ‘‘केमोनंच माणूस मेला’’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. असं कुणी म्हटलं की मला हे दोन आकडे आठवतात.

२०१३ मध्ये जेमसायटाबिनच्या जोडीला नॅब-पॅक्लिटॅक्सेल आलं, ८६१ रुग्णांची चाचणी, ६.७ महिन्यांचे ८.५. ज्यांना चार औषधं झेपणार नाहीत त्यांच्यासाठी हा दुसरा रस्ता झाला.

तात्यांना मिळालं ते फॉल्फिरिनॉक्स, थोडे डोस कमी करून. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवला. दवाखान्यात काही तास सलाइन, आणि मग फाइव्ह-एफयूचा पंप कमरेला लावून घरी. हा पंप म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीत औषधानं फुगवलेला फुगा. वीज नाही, आवाज नाही. ४६ तासांत तो हळूहळू आकसत जातो आणि औषध थेंबाथेंबानं शरीरात उतरतं. तात्या तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं मोबाइल आहे. ऑक्झॅलिप्लॅटिनचा त्रास वेगळाच. थंड काहीही लागलं की बोटांत मुंग्या, घशात काटे रुतल्यासारखं. थंडीत सकाळी पाण्याचा स्टीलचा तांब्या त्यांना धरवायचा नाही. काकूंनी तांब्याला फडकं गुंडाळून ठेवलं होतं, आणि पाणी कोमट. दरवाजाची कडीसुद्धा ते उपरण्यानं उघडायचे. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, कारण स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात पोचत नव्हता आणि तेला-तुपाचं काही पचत नव्हतं. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण झाल्यावर नाही, हे आम्हाला एका नर्सनं समजावलं. तेव्हापासून रविवारी पांढरा रस्सा वाटीभर का होईना त्यांच्या पोटात टिकायला लागला. ही कॅप्सूल आणि तिची वेळ कितीतरी रुग्णांना कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

या केमोआधी मुंबईत एका चाचणीबद्दल आम्हाला विचारणा झाली होती. नेहमीची केमो आणि तिच्या जोडीला एक नवं औषध. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना फक्त नेहमीचं, आणि कुणाला काय ते संगणक ठरवणार. घरी बैठक बसली. आधी ‘प्रयोग नको’ म्हणणारे माझे चुलतभाऊ, डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला गेले. ‘‘द्यायचं तर आमच्या तात्यांना नवीनच द्या म्हणावं. चिठ्ठ्या टाकून काय औषध द्यायचं असतंय होय?’’ घाबरणारा माणूस आणि हटून बसणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत असते, की नवं म्हणजे काय होणार हे कुणाला तरी आधीच ठाऊक आहे.

ते ठाऊक नसतं. या आजारात तर मुळीच नाही. स्वादुपिंडाच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतींचं दाट जाळं जास्त. रक्तवाहिन्या दबून जातात, औषध आत पोचत नाही. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं, हे जाळंच विरघळवू. उंदरांवर ते करून बघितलं, जेमसायटाबिन आत जास्त पोचलं, उंदीर जास्त जगले. सगळं कसं पटण्यासारखं. तसं एक औषध माणसांवर आलं आणि जानेवारी २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ज्यांना नवं औषध मिळत नव्हतं तेच रुग्ण जास्त जगत होते. पुढे लक्षात आलं की ते जाळं गाठीला काही अंशी आवरूनही धरतं. दुसरा प्रयत्न त्या जाळ्यातलंच हायल्युरोनिक आम्ल विरघळवणाऱ्या एका एन्झाइमचा. ते फॉल्फिरिनॉक्सच्या जोडीला दिलं. नुसत्या केमोवरचे रुग्ण मध्यमानानं १४.४ महिने जगले, एन्झाइम जोडलेले ७.७. निम्मे! त्या गटात त्रास इतका वाढला की मूळ केमोचेच डोस पुरते देता आले नाहीत. जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेलला हेच एन्झाइम जोडून मोठी चाचणी झाली, तीही २०१९ मध्ये फायद्याविना संपली.

आता ज्यांना चिठ्ठीत ‘फक्त नेहमीचं’ आलं होतं, त्यांच्या घरचे त्या दिवशी किती खट्टू झाले असतील.

तात्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. ‘‘आधणात भेंडी घालतो न्हवं का मळी काढायला,’’ ते म्हणाले, ‘‘कमी पडली तर गूळ काळा, जास्त झाली तर रवा धरत न्हाई. आणि ह्या रानाच्या उसाला जेवढी लागती तेवढी त्या रानाच्याला लागत न्हाई. काहिलीत घालून बघितल्याबिगर कुणाला कळतंय?’’ औषधांच्या मिश्रणाबद्दल मी वाचलेल्या सगळ्या लेखांत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

आणि बघायचं तेही एकदम नाही. पहिल्या टप्प्यात तीन रुग्णांना एक डोस देतात. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना थोडा जास्त. तिघांत एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला तर तिथंच थांबतात आणि खाली येतात. अशी ही चढण. तिथं येणाऱ्या माणसाला स्वतःचा फायदा होण्याची शक्यता थोडीच असते, आणि चांगला डॉक्टर हे त्याला सांगतो. मोठ्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत नियंत्रण गटाला, म्हणजे ज्यांना नवं औषध मिळत नाही त्यांना, उघड्यावर सोडत नाहीत, चालू काळातला सर्वांत चांगला उपचार मिळतो. ‘साखरेच्या गोळ्या देऊन मारतात’ ही आपल्याकडची समजूत इथं लागू पडत नाही.

तात्या तयार झाले. ‘‘मला न्हाई तर म्होरल्याला कळंल,’’ एवढंच बोलले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, दादरला उतरायचं, असं सगळं ठरलं. आणि पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून त्यांच्या पित्तनलिकेत बसवलेली नळी, स्टेंट, तुंबला. थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे. चाचणीत घ्यायला बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साचणारं पिवळं द्रव्य, ठरावीक मर्यादेखाली लागतं, कारण इरिनोटेकॅनसारखी औषधं यकृतातूनच बाहेर पडतात आणि कावीळ असताना ती विषासारखी साचू शकतात. स्टेंट बदलला, बिलिरुबिन उतरायला वेळ लागला, तोवर तिथल्या जागा भरल्या. तात्यांनी इथंच नेहमीची केमो घेतली.

चाचण्यांची दारं अशी असतात. नुसतं बिलिरुबिन नाही, माणूस किती हिंडता-फिरता आहे तेही बघतात. फ्रान्सच्या त्या चाचणीत स्वतःचं स्वतः करणारे, पंचाहत्तरीच्या आतलेच रुग्ण घेतले होते. आपल्याकडे ट्रायलचा विषय निघतो तो सगळं करून झाल्यावर, माणूस खाटेला लागल्यावर, शेवटचा उपाय म्हणून. तेव्हा दार बंद झालेलं असतं. माळ लांबत गेली ते आठवडे मला त्यामुळे जास्त सलतात. त्या आठवड्यांत गाठ किती वाढली ते कुणी सांगू शकणार नाही, पण ताकद किती गेली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

भीतीबद्दल मघाशी म्हटलं, ती खोटी नाही. आपल्या देशात गरिबांना नीट न सांगता चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी झाल्या, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं, नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक चाचणीवर नैतिकता समिती असते, किमान सात जणांची. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा, सदस्यांत एक कायदा जाणणारा, एक बाई, आणि एक साधा माणूस, ज्याचा वैद्यकीशी संबंध नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईची तरतूद. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती कुणालाही मोबाइलवर उघडून बघता येते. कागदावरचा नियम आणि वॉर्डातली घाई यांत अंतर असतं, हे मान्य. ते अंतर कमी करायचं तर प्रश्न विचारणारी माणसं हवीत, पळून जाणारी नाहीत.

खर्चाचं एक बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे केमोसाठी रान विकलेली घरं मी पाहिली आहेत. २०२३ मध्ये नालिरिफॉक्स नावाच्या मिश्रणाचा निकाल आला, ७७० रुग्ण, ११.१ महिने विरुद्ध ९.२, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी. हे मिश्रण म्हणजे बरंचसं फॉल्फिरिनॉक्सच, फक्त इरिनोटेकॅन चरबीच्या बारीक गोळ्यांत भरलेलं आणि त्यामुळे फार महाग. तुलना केली ती जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेलशी. जुन्या, स्वस्त फॉल्फिरिनॉक्सशी समोरासमोर लावलंच नाही, आणि त्याचाही २०११ चा आकडा ११.१ च होता. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून निकाल लावता येत नाही, हे मला कळतं. पण जो प्रश्न कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पडतो तो कुणी विचारलाच नाही, याचा राग येतो. असे प्रश्न आपले आपणच विचारावे लागतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ते करून दाखवलं. निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं. वर्षभरानंतर हयात असलेले १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. स्वादुपिंडासाठी असं काही आपल्याकडे उभं राहायला हवं, आणि ते रुग्ण आल्याशिवाय राहणार नाही.

तात्यांना पाडवा मिळाला. दिवाळीच्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तिथं ते गाडीतून गेले. आपल्या गुळाच्या रव्याला दर काय फुटतो ते उभं राहून ऐकलं, आणि परत येताना दर कमी दिला म्हणून अडत्यावर चिडले. त्या चिडण्यानं आम्हाला सगळ्यांना केवढा आनंद झाला! ६.८ आणि ११.१ यांच्यामध्ये जे चार महिने आहेत ना, ते असे असतात. ते तात्यांना फ्रान्समधल्या ३४२ अनोळखी माणसांनी दिले. त्यांतले निम्मे तर फक्त जुनं औषध घेणारे होते, ज्यांच्याशिवाय नव्याचा फरक कळलाच नसता.

आता वारं थोडं बदललंय. या कॅन्सरमध्ये दहांतल्या नवांहून अधिक रुग्णांच्या गाठीत केआरएएस नावाचं जनुक बिघडलेलं असतं, आणि चाळीसेक वर्षं त्यावर औषध बनतच नाही असं मानलं जात होतं. डॅराक्सॉनरॅसिब या गोळीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनं, आधी केमो झालेल्या रुग्णांसाठी ‘ब्रेकथ्रू’, म्हणजे तपासणी झपाट्यानं पुढे नेण्याचा, दर्जा दिला. केमोच्या जोडीला ती देऊन बघणंही आलंच, म्हणजे पुन्हा काहील, पुन्हा भेंडी. बीआरसीए जनुकाचा दोष असलेल्यांसाठी ओलापॅरिबची गोळी आहे. तिनं आजार थोपवून धरण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ वर नेला, एकूण आयुष्य मात्र वाढवलं नाही. असे १५४ रुग्ण मिळवायला ३,३१५ जणांची तपासणी करावी लागली होती.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजहून एका बाईंचा फोन आला. यजमानांना हाच आजार, अजून स्वतः मोटारसायकल चालवतायत. मी त्यांना म्हटलं, बायोप्सीच्या तुकड्यावर केआरएएस आणि रक्तावर बीआरसीए तपासता येईल का ते पहिल्याच भेटीत विचारा, स्टेंट घातलाय तर ताप आल्या आल्या दवाखाना गाठा, आणि ट्रायल आहे का ते आत्ताच विचारा, ताकद आहे तोवर. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, ‘‘सहीचा कागद मराठीत असतोय का?’’

असतो. आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचायला मागता येतो.